डोंगरावर भेटलेली विहीण

निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो शेवटचा श्रावण. आमचं गाव मोगलाईत, बालाघाटाच्या डोंगराखाली. डोंगरापलीकडं निजामाच्या हद्दीबाहेरचा, बार्शीकडचा मुलूख, त्याला आमच्याकडं खालसा म्हणत. आत्याची एकुलती एक लेक तिकडं दिली होती. आत्या विधवा, लेकीच्या लग्नानंतर आमच्याच घरी राहायची.

लेकीला दिवस गेलेत हा निरोप संक्रांतीच्या सुमारास आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून आत्यानं बाजेची सुतळी नवी आवळून ठेवली, डिंक आणला. पण दंगलीचे दिवस आले, हद्दीवरचा नाका बंद झाला, बैलगाड्या फिरायच्या थांबल्या. मग लेकीचा काही सांगावाच येईना.

डोंगराच्या माथ्यावर महादेवाचं लहानसं ठाणं आहे. तिसऱ्या सोमवारी दोन्ही बाजूंची माणसं वर यायची. त्या साली आमच्या गावातून कुणी निघणार नव्हतं. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता, आणि लोकांच्या मनात भीती होती.

आत्या वडिलांना म्हणाली, "म्या वर जाते. तिकडचं कुणी ना कुणी येईलच."

"अक्का, चिखलात पाय मोडून बसाल," वडील म्हणाले. ते स्वतः हिवतापानं अंथरुणाला खिळले होते.

"मोडू द्या. हितं बसून तरी काय धड हाय?"

मी पंचमीला सासरहून चालत आले होते, ती पावसानं वाटा बंद झाल्या म्हणून अडकून पडले होते. मी म्हटलं, मी जाते आत्याबरोबर. आईनं उपास सोडायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि सकाळीच आम्ही निघालो.

ओढ्यापर्यंतची वाट ठीक होती. पुढं चढावर काळी माती वहाणांना चिकटून एकेक पाय मणाचा होई. आत्यानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, वहाणा हातात घेतल्या आणि गवताची मुळं धरून चढू लागली. मी तिच्या मागं. दोनदा ती माझ्या अंगावर घसरली. दुसऱ्यांदा आम्ही दोघी बोरीच्या झुडपापर्यंत खाली आलो. आत्या उठली, कोपर झटकलं आणि पुन्हा चढायला लागली.

खरी अडचण वरच्या पठारावर होती. माथ्याच्या टेकाडाआधी तिथं चिबड जागा आहे. वरून हिरवं गवत दिसतं, खाली नुसती दलदल. उन्हाळ्यात तिथून गुरं जातात, म्हणून आत्या सरळ चालत सुटली आणि एका पायानं मांडीपर्यंत आत गेली. ओढायला गेले तर माझेही पाय रुतायला लागले.

"तू मागं सर," आत्या म्हणाली. "दोघी अडकलो तर कोण काढंल?"

मी कडेच्या तरवडाच्या फांद्या मोडून आणल्या आणि तिच्यापुढं अंथरल्या. आत्या त्यांच्यावर पालथी पडली आणि मी तिचे दोन्ही हात धरून ओढलं. पाय निघाला, पण रुतताना हातातून सुटलेली एक वहाण आतच गेली. दुसरी तिनं स्वतःच फेकून दिली. "एकीचं काय करू?" मग आम्ही पठाराच्या कडेकडेनं, दगडांवरून, लांबचा वळसा घेतला.

माथ्यावर कुणीच नव्हतं. ढग इतके खाली आले होते, की पिंडीपासून दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. आत्यानं पिंडीवर पाणी घातलं, हात जोडले आणि पलीकडच्या उताराकडं तोंड करून बसली. भाकरीची गाठ सोडायलाही तयार होईना. थंडीनं माझे दात वाजत होते. आता परत चला, हे मी तिला कसं सांगावं याचाच विचार करत होते.

तेवढ्यात खालून माणसांचे आवाज आले. ढगातून तीन पुरुष वर आले आणि त्यांच्यामागं कमरेपर्यंत चिखलानं भरलेली एक बाई. ती आत्याची विहीण होती. आदल्या दिवाळीला लेकीला माहेरी पाठवलं नाही यावरून दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

आत्या उठून उभी राहिली. "माझी पोरगी कुठाय?"

"घरी हाय. बाळंत झाली. पंचमीच्या आदल्या रोजी. नात झाली, इहीनबाई."

"दोघी बऱ्या हायत?"

"बाळाच्या आईला चार रोज ताप व्हता. लई भ्याले म्या. आता उतरलाय, बाजेवर बसून जेवती." विहीणबाईंना धाप लागली होती. त्या दगडावर टेकल्या. "म्हटलं, तुमी वर आल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय. कुणी भेटलं न्हाय तर तशाच माघारी जाल. पोराला म्हटलं, तू बाळंतिणीपाशी थांब, म्या जाते."

 विहिणीच्या पायाला काटा लागून रक्त येत होतं. आत्या खाली बसली, तो पाय मांडीवर घेतला, पदरानं चिखल पुसला आणि काटा शोधायला लागली. काटा निघाल्यावर मात्र ती तोंडाला पदर लावून रडली. विहीणबाई म्हणाल्या, "आता कशाला रडता? बरी हाय म्हटलं ना." आणि त्याही रडल्या. पुरुष पिंडीकडं बघत उभे राहिले.

मग सगळ्यांनी भाकरी खाल्ली. उजेडातच खाली पोचायचं होतं, म्हणून फार थांबता आलं नाही. उतरताना आत्या अनवाणीच होती, पण मला तिच्या मागं धावावं लागत होतं.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. दिवाळीनंतर नाका उठला, आणि वडील, आत्या आणि मी बैलगाडीनं लेकीच्या गावाला गेलो. नात तोवर पालथी पडायला लागली होती. आत्यानं तिला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि विहिणीला विचारलं, "हिची टाळू रोज भरता का न्हाय?"

विहीणबाईंनी तेलाची वाटी तिच्यापुढं सरकवली. "आता तुमीच भरा."