दातपाडे गुरुजी

आमच्या शाळेतले बाकीचे मास्तर चिडले की ‘दात पाडीन’ म्हणायचे आणि पाडायचे मात्र नाहीत. गुरुजी कधी चिडले नाहीत, कधी आवाज चढवला नाही, आणि दात खरोखर पाडायचे. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना दातपाडे गुरुजीच म्हणत. नवख्या माणसाला ते त्यांचं आडनाव वाटायचं. एकदा बाहेरगावच्या कुणीतरी लग्नपत्रिकेवर तसंच लिहून पाठवलं. ती पत्रिका गुरुजी कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडले आणि भेटेल त्याला दाखवत राहिले.

हलता दात घेऊन एखादं पोरगं समोर उभं राहिलं की ते खडू खाली ठेवायचे, हात धुऊन यायचे आणि पांढरा दोरा दाताला गुंडाळता गुंडाळता विचारायचे, “तुमची गाय व्याली म्हणं. काय झालं रं, गोऱ्हा का कालवड?” पोरगं ‘गो’ म्हणेपर्यंत दात दोऱ्याला लोंबकळत असायचा. मग सगळा वर्ग अंगणात. दात ज्याचा त्यानंच शाळेच्या पत्र्यावर फेकायचा. पत्रा टणकन वाजला तर नवा दात मजबूत येतो, अशी आमची पक्की समजूत होती. पत्रा वाजला नाही म्हणून रडलेली पोरं मी पाहिली आहेत. दात पडला म्हणून कुणी रडल्याचं आठवत नाही.

प्रार्थना संपली की रांगेतून फिरत ते प्रत्येकाला ‘आ’ करायला लावायचे. गावात घरोघरी बायका मिशरी लावायच्या. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखू आजीच्या बोटावरून नातीच्या बोटावर कधी यायची हे घरात कुणाला कळायचंही नाही. गुरुजींना मात्र हिरडी बघताच कळायचं. संध्याकाळी ते त्या घरी हजर.

“आजी, तुमची सवय आता सुटणार न्हाई, मला ठावं हाय. पर लेकराच्या तोंडाला काहून लावून राहिल्या?”

“गुरुजी, तुमी पाढे शिकवा ना. दाताचं आमी बघतो,” माझ्या आजीनं त्यांना असं तोंडावर सुनावलं होतं. ते हसले, चहा प्यायले आणि दुसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या काड्या घेऊन पुन्हा आले. शेवटी आजी कंटाळली आणि माझ्या बोटाची मिशरी सुटली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून त्यांना कुणी अडाणी म्हटलेलं मला खपणार नाही. इतक्या मायेनं आमच्या तोंडात डोकावणारं दुसरं कुणी त्या गावात नव्हतं.

पण गुरुजींचा एक नियम होता. चौथीपर्यंत सगळे दात दुधाचे. हा नियम त्यांना कुणी सांगितला होता कोण जाणे. बे एके बे म्हणावं तितक्या खात्रीनं ते तो सांगायचे. कुणाचा दात किडला, काळा पडला, बाप काळजीत पडला की गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. “दुधाचाच हाय. जाऊ द्या. नवा येईल.” ‘दुधाचा’ हा शब्दच असा आहे की ऐकताच आईबापांचा जीव भांड्यात पडतो. गेला तरी परत येणार, असं दुसरं काय असतं माणसाकडे?

मी तिसरीत असताना माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. सगळ्यात मागची. मधोमध काळा खड्डा पडला होता आणि त्यात ज्वारीची कणी अडकली की मी घर डोक्यावर घ्यायची. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हळद काढायची कामं सोडली आणि मला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले. गोरेगावच्या स्टँडवर आम्ही हिंगोलीच्या जीपमध्ये बसलोसुद्धा होतो. एवढ्यात गुरुजी तिथं दिसले. शाळेसाठी खडू घ्यायला आले होते.

“किसनराव, कुठं निघाले?”

दादांनी सांगितलं. गुरुजींनी जीपमध्येच मला ‘आ’ करायला लावलं, उन्हाकडे तोंड वळवून बघितलं आणि म्हणाले, “उतरा खाली. काहून तकलीफ करून घेता? दुधाची दाढ हाय, आपोआप पडंल. तवर लवंग धरा.”

आम्ही उतरलो. हॉटेलात गुरुजींनी आम्हाला भजी खाऊ घातली. डॉक्टरचं इंजेक्शन चुकलं म्हणून मी इतकी खूश होते की डाव्या बाजूनं चावत चावत दादांच्या बशीतलीही भजी संपवली. गुरुजींइतका चांगला माणूस जगात नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

दाढ काही पडली नाही. चौथी झाली, पाचवी झाली. मी लवंग धरत राहिले आणि डाव्या बाजूनंच जेवत राहिले. आई मधूनमधून विचारायची, “हालती का गं?” मी जिभेनं ढकलून बघायची. दुखायची, पण हलायची नाही. सहावीत असताना एका सकाळी उठले तर गाल सुजून डोळ्याला टेकलेला. अंगात ताप. आईनं लेप लावला तोही सोसवेना. निरोप पोचला तसे गुरुजी शाळा दुसऱ्या मास्तरांवर सोपवून आले आणि दादांबरोबर तेही जीपमध्ये बसले. मला मांडीवर आडवी घेऊन हिंगोलीपर्यंत त्यांनी माझं डोकं हलू दिलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बघितलं, फोटो काढला आणि म्हणाल्या, “ही दाढ वाचणार नाही. काढावी लागेल. इतके दिवस का थांबलात?”

“दुधाची व्हती ना, म्हणून,” गुरुजी म्हणाले.

“ही दुधाची नाही. ही कायमची दाढ आहे.”

“असं कसं, बाई? हिचा तिथला दात कवा पडलाच न्हाई. पडल्याबिगर नवा कसा येईल?”

“लहान वयात हीच दाढ तशी येते. सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत. आधी काही पडत नाही, म्हणून सगळ्यांना दुधाचीच वाटते. तुमचं एकट्याचं नाही, सगळेच फसतात.”

एखाद्या पोरानं विचारावं तसं गुरुजींनी विचारलं, “मग आता नवी कवा येईल?”

“आता नाही येणार.”

मला दाढ काढताना फारसं दुखलं नाही. सुन्न झालेल्या तोंडानं मी बाहेर आले तेव्हा दादा औषधं समजून घेत होते आणि गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. परतीच्या जीपमध्ये ते एकच वाक्य बोलले, तेही कुणाला उद्देशून नाही. “किती लेकरांना जीपमधून उतरवलं मी.”

दुसऱ्या दिवसापासून ते टॉर्च घेऊन घरोघरी फिरायला लागले. ज्यांना ज्यांना ‘जाऊ द्या’ म्हटलं होतं ती सगळी पोरं त्यांना आठवत होती. काही पोरं तोवर आमच्या शाळेतली सातवी करून मोठ्या शाळेत गेली होती, काहींची घरं ऊसतोडीला गेली होती. सापडेल त्याला ते म्हणायचे, “सगळ्यात मागची दाव.” खड्डा दिसला की बापाच्या मागे लागायचे, आजच्या आज हिंगोलीला चला म्हणून. काहींच्या दाढा वेळेवर भरल्या गेल्या, वाचल्या. काहींच्या गेल्या. एका घरी मात्र बाप उसळला. “तुमीच तर म्हणले व्हते, दुधाचा हाय म्हणून!”

“व्हय,” गुरुजी म्हणाले. “मीच म्हणलो व्हतो.” ते वळले नाहीत, तिथंच हात जोडून उभे राहिले. हे दादांनी पाहिलं होतं. मास्तरानं असे हात जोडलेले बघवले नाहीत, असं ते घरी येऊन म्हणाले आणि जेवले नाहीत.

त्यानंतर गुरुजींनी एकही दात पाडला नाही. माझी धाकटी बहीण पुढचा हलता दात घेऊन मोठ्या आशेनं त्यांच्यासमोर गेली. तो दुधाचाच होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गुरुजींनी तो नीट बघितला, दोनदा बघितला आणि म्हणाले, “आईकडं जा, माय.” ती रडत घरी आली. गावानं नाव बदललं नाही, पण कुणी दातपाडे गुरुजी अशी हाक मारली की पूर्वी जे हसू यायचं ते यायचं बंद झालं. मला याचं फार वाईट वाटायचं. एक चूक झाली म्हणून माणसानं स्वतःचं सगळं कसब असं टाकून द्यावं का? निंबाच्या काड्या, सुटलेली मिशरी, आमची न दुखता पडलेली दुधाची बत्तिशी, यातलं काहीच त्यांनी स्वतःच्या बाजूला धरलं नाही. शाळेत खाऊ वाटला की ते माझ्याकडे बघायचे. मी कोणत्या बाजूनं चावते तेवढंच बघायचे आणि नजर वळवायचे. मी मुद्दाम उजवीकडून चावायला जायची आणि रिकाम्या हिरडीला शेंगदाणा टोचायचा.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे औंढ्याला राहायला गेले. आता ते नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेले. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीला, ओवीला, घेऊन नागनाथाच्या दर्शनाला गेले होते. खरं सांगायचं तर दर्शन हे निमित्त होतं. मला गुरुजींना दाखवायचं होतं की मी त्या जागी दाढ बसवून घेतली आहे, आता दोन्ही बाजूंनी जेवते. ओवीची सहाव्या वर्षाची दाढ येताच मी ओळखली, किडायच्या आधीच डॉक्टरांकडून त्या दाढेच्या खाचा भरून घेतल्या, आणि हे मला त्यांच्यामुळेच कळलं, हेही सांगायचं होतं. घरून निघताना मी सगळं घोकलं होतं.

गुरुजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळले होते. मी घोकलेलं सगळं सांगितलं, तोंड उघडून दाखवलंही. त्यांनी ऐकून घेतलं. “बरं झालं पोरी, लई बरं झालं,” म्हणाले. पण मला वाटलं होतं तसं त्यांच्या तोंडावर काही उतरलं नाही. मी आणखी बोलत राहिले, जास्तच बोलले बहुतेक. त्यांनी हळूच ओवीला जवळ ओढलं.

“बाळा, मी कोण, ठावं हाय का तुला?”

“आईचे गुरुजी.”

“तुझ्या आईची दाढ घालवली ना, तो मी.”

ओवीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिला ‘घालवली’चा एकच अर्थ ठाऊक होता. गेल्याच आठवड्यात तिनं शाळेत पाण्याची बाटली घालवली होती आणि त्याबद्दल माझी बोलणी खाल्ली होती.

“मग तुम्ही शोधली नाही का?” तिनं विचारलं.

मी हसणार होते. पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “शोधूनच राहिलो, बाळा.”