डाव्या चाकाचा फुगा

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला चढवून ठेवतो. यंदा तो ऐन उन्हाळ्यात आला. मी लातूरला तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवतो, सासुरवाडी नांदेडची. धोंडे खायला या म्हणून बोलावणं आलं, तेव्हा बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला गाडीत घालून निघालो. दारात गेल्या गेल्या सासऱ्यांनी पाट मांडला आणि माझे पाय धुतले. त्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, तरी उकिडवं बसून बोटांच्या बेचक्यांतून पाणी घातलं आणि नव्या कोऱ्या पंच्यानं पुसलं. मला संकोच वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना विष्णुपुरीचं धरण दाखवायला नेलं. धरण त्यांनी जन्मभर पाहिलेलं. दाखवायची होती ती माझी गाडी. मामा पुढं माझ्या शेजारी, मागं मामी, बायको आणि मुलगी. परतताना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथं नुकताच फुटपाथ केलाय आणि त्याच्या कडेचा सिमेंटचा दगड रस्त्यात चांगला पुढं आलाय.

"डावीकडं दगड हाय बरं का, जावईबापू," मामा म्हणाले.

"दिसतोय मला, मामा," मी म्हणालो, आणि नेमकं पुढचं डावं चाक धाडकन त्या दगडावर चढवलं.

गाडीत सगळे हादरले. मामींनी विचारलं, "काई झालं का वो?"

"काही नाही. टायर असले दगड रोज खातं," मी म्हणालो. माझे कान तापले होते, पण आवाज वर्गातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना मी हळूच जाऊन चाक बघितलं. बघायचं कसं, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. कडेला लागलं की टायरचं रबर खरवडतं; नुसतं वरवर खरवडलं असेल तर घाबरायचं कारण नाही, लक्ष ठेवायचं आणि चालवायची. चीर पडली असेल तर ती बोटांनी फाकवून बघायची. आत दोरे दिसले तर टायर गेलं. आणि बाजूला फुगा आला असेल तर बघण्यासारखं काही उरतच नाही. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा नुसत्या रबराच्या कातडीवर तोलून धरलीय. ती कधी फुटेल हे कुणी सांगू शकत नाही. उन्हात, तापलेल्या रस्त्यावर आणि वेगात तर नाहीच.

माझ्या चाकाला फुगा होता. अर्ध्या लिंबाएवढा.

गंमत म्हणजे हे मी नुसतं वर्गातच सांगत नाही. मागं मुखेडला एक लग्न होतं. सासुरवाडीच्या नात्यातल्या एकाच्या जीपला पुढच्या चाकाला असाच फुगा होता. मी भर मांडवासमोर त्याला उभं करून झापलं. हे चाक फुटलं तर गाडी त्याच बाजूला ओढली जाईल, त्या बाजूला बसलेला आधी मरेल, आणि हे माहीत असून जो लेकराबाळांना गाडीत बसवतो तो माणूसच नव्हे, असं मी म्हणालो होतो. माझ्या शेजारी उभे राहून मामा मान डोलवत होते. नंतर पंगतीत ते चार जणांना सांगत होते, "आमचे जावई गाडीच्या बाबतीत लई पक्के."

डिकीत स्टेपनी होती, तीही चांगली. चाक बदलणं म्हणजे किती वेळाचं काम! पण त्या अंगणात पान्हा घेऊन बसायचं म्हणजे दगड दिसला नव्हता हे कबूल करायचं, आणि टायर असले दगड खातं ही थाप होती हेही. मामा काही बोलले नसते. तेच मला नको होतं. मी मनाशी ठरवलं, लातूरपर्यंत सावकाश नेऊ, गावात शिरल्याबरोबर टायर बदलू. आणि गाडी पुढं-मागं करून डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला अशी चिकटवली की मधून मांजरही जाऊ नये.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि पुन्हा पुन्हा आग्रह. मी तट्ट फुगून झोपलो. उठून बघतो तर मामांनी माझी गाडी धुऊन काढली होती. भिंतीकडची बाजूसुद्धा. एवढ्या चिंचोळ्या जागेत ते कसे शिरले असतील, एवढाच विचार माझ्या मनात आला.

संध्याकाळी ते म्हणाले, "चौकात वळखीचा टायरवाला हाय. उद्या लांब जायचं, हवा बगून घ्यावी का?"

"मामा, हवा मला कळते," मी म्हणालो.

"हाव, ते तर हायच." थोड्या वेळानं पुन्हा, "मग अजून दोन दिस ऱ्हावा की."

"कॉलेज कोण करणार?"

ते उठून आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली आणि मामांनी जाहीर केलं की लेक आणि नात यष्टीनं जातील. का, तर नातीला गाडी लागते.

"बाबा, हिला यष्टी लागते, गाडी नाही," बायको म्हणाली.

"ऐक माजं," मामा म्हणाले, आणि त्या दोघींना स्वतः स्टँडवर नेऊन बसवून आले. आल्यावर पायांत चपला तशाच ठेवून म्हणाले, "मी येतो तुमच्यासंगं. लातुरात एकाकडं काम हाय जरा."

मामा आमच्या घरी लग्नानंतर एकदाच आले होते, तेही पाणी पिऊन परत. त्यांचं लातुरात कुणाकडं काम असेल तर मला ठाऊक नव्हतं. मामींनी मला कुंकू लावलं, हातात नारळ ठेवलेलं वाणाचं ताट दिलं. मग त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. लेक तर तासाभरापूर्वीच गेली होती. मला वाटलं, जावई निघाला म्हणून रडतायत.

मला राग आला होता. एका दगडावर चाक काय चढलं, ह्यांनी माझ्या गाडीत नात बसवायची नाही म्हणून ठरवलं! मग स्वतः कशाला बसले, लक्ष ठेवायला?  सावकाश न्यायचं ठरवलं होतं तेही विसरलो; रागानं पाय जड होत गेला. मामा मांडीवर नारळाचं ताट घेऊन बसले होते. एका हातानं ताट धरलेलं, दुसऱ्या हातानं खिडकीवरची कडी. त्यांनी मला हळू चालवा म्हटलं नाही.

लोह्याच्या पुढं एका लिंबाखाली रसवंती दिसली म्हणून थांबलो. मी रस सांगायला गेलो आणि वळून बघितलं. मामा चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवत खाली बसले होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि तळवा डाव्या चाकावर ठेवला. तापलं असावं, कारण लगेच मागं घेतला. पुन्हा ठेवला. अगदी त्या फुग्यावर. ज्या उकिडव्या बैठकीत त्यांनी माझे पाय धुतले होते, त्याच बैठकीत.

मी ग्लास तिथंच ठेवून त्यांच्याजवळ गेलो.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

ते उठायला लागले. गुडघ्यानं साथ दिली नाही म्हणून गाडीला धरून उठले. "गाडी धुताना दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"धोंड्याच्या महिन्यात जावयाची चूक काडावी का मानसानं? अन् गाडीतलं तुमाला सांगनारा मी कोन? मला जे कळतं ते तुमीच सांगितलेलं, त्या लग्नात."

मला ते लग्न आठवलं. त्या बाजूला बसलेला आधी मरेल, हे माझंच वाक्य आठवलं. मामा सबंध रस्ता त्याच बाजूला बसून आले होते.

"मग तुम्ही कशाला बसला गाडीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मंग तुमाला एकट्याला सोडावं का?"

ते इतकं साधं बोलले की मला त्यांच्याकडं बघवेना. लाजेनं माणूस मातीत जातो म्हणतात. मी डांबरात जातोय असं मला जाणवत होतं. मी डिकी उघडली, जॅक काढला, स्टेपनी काढली. ऊन मी म्हणत होतं. मामांनी मला एकट्याला काम करू दिलं नाही. टोपी काढून उलटी धरली आणि मी काढलेला एकेक नट तीत घेतला, हरवू नये म्हणून. त्यांचं डोकं उन्हात उघडं पडलं. टोपी घाला, मामा, असं मी दोनदा म्हणालो. ते म्हणाले, "होऊ द्या आधी."

चाक बसलं. काढलेलं टायर डिकीत टाकताना फुगा वर आला. काल अर्ध्या लिंबाएवढा होता; आता मोसंबीएवढा झाला होता. मामांनी तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं. मग रसवंतीच्या बाकावर जाऊन त्यांनी घरी फोन लावला. पलीकडं मामींचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता, काय बोलतायत ते कळत नव्हतं, पण रडतायत हे कळत होतं.

"अगं, रडू नको. बदललं चाक," मामा म्हणाले. "मी? मी कशाला सांगू? आपनहून ध्यानात आलं त्यांच्या. थांबले अन् बदललं लगेच. मी म्हनलो नव्हतो तुला, लई पक्के हायत म्हनून?"

फोन माझ्याकडं द्या, असं म्हणायचं होतं. मी डिकी लावली, हात पुसले आणि गाडीत जाऊन बसलो.