जुनी, नवी आणि गोधडी

बायको गेली, तिचा ससा मागे राहिला. ससा म्हणजे मादी. मी जन्मभर गाई सांभाळल्या. दूध न देणारं जनावर घरात कशाला, हे मी बायकोला शंभर वेळा सांगितलं. तिने एकदाही ऐकलं नाही.

तेरावं झाल्यावर ती सशाची मादी खाईना. पडवीत बायकोने शिवलेली गोधडी अंथरलेली होती, दुपारी बायको तिच्यावर आडवी व्हायची. त्या गोधडीवरून ही उठायची नाही. समोर ताजा लसूणघास टाकला तर दोन काड्या कुरतडायची. लेंड्या आधी वाटाण्याएवढ्या असायच्या, त्या मुगाएवढ्या झाल्या. शेण बघून गुराची तब्येत ओळखणारा माणूस मी. मला कळलं, ही पण चालली. मग घरात बायकोने हाताने वाढवलेलं असं काहीच राहणार नव्हतं.

बेलापुरात जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने दात बघितले, पोट चाचपलं. "आजार नाही. एकटी पडलीय. जोडीला दुसरी आणा."

माझी मुलगी नगरला असते, नागापूरला कारखान्यात जाते. तिच्या शेजारणीला एक मादी नकोशी झाली होती, ती खोक्यात घालून घेऊन आली.

"आबा, दोघी बायकाच आहेत. पटेल त्यांचं."

"तुझं न् तुझ्या जावेचं पटतं का?" मी विचारलं. तिने खोकं उघडलं.

नवी सून आली की पाटावर बसवतात, तसं मी नवीला उचलून गोधडीवर जुनीच्या शेजारी ठेवलं. जुनीने अशी झेप घेतली की केसांचे पुंजके उडाले. नवीचा कान फाटून रक्त आलं. दोघींना सोडवताना माझा हात ओरबाडून निघाला.

मुलगी रडकुंडीला आली. "महिनाभर बघा आबा. नाही जमलं तर हिला परत नेते."

नवीला कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी जुनी युक्ती काढली. गाय दुसरीचं वासरू घेत नसली की आम्ही वासराच्या पाठीवर मीठ चोळायचो. गाय चाटायला लागते आणि चाटता चाटता त्याला आपलं म्हणते. सशाला केळं आवडतं, म्हणून नवीच्या कपाळाला पिकलं केळं लावलं आणि परत गोधडीवर सोडली. जुनीने केळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधे माझं बोट आलं, ते फोडलं.

शेजारची म्हातारी बोटाची चिंधी बघून आत आली. मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेलेला. बायको तिला बहिणीसारखी, म्हणून मला दाजी म्हणते. केळ्यापर्यंतचं सगळं मी तिला सांगितलं.

"केळं बराबर हाय दाजी, जागा चुकली. मालकिणीच्या वासावर बसलीया ती. तिथं दुसरी बसवली तर मारनारच. दोघींना परकी आसंल आशी जागा द्या. आन् गोधडी धुवा."

"गोधडी धुनार न्हाई."

"तुमी पन त्याच वासावर बसलाय व्हय? मग मरू द्या तिला." आणि निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी झाडू मारताना गोधडीवर चारच लेंड्या होत्या, मोहरीएवढ्या. मी गोधडी उचलली आणि अंगणातल्या दगडावर नेली. पाणी ओतल्यावर बायकोच्या मशेरीचा वास उठला. एकदाच. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर गोधडी तशीच परत आत नेली असती.

मग दोघींना न्हाणीत घेतलं. तिथं दोघींपैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. फरशीवर गोणपाट टाकलं, दोघींच्या कपाळाला केळं लावलं आणि मी मधे पाटावर बसलो. पहिल्या दिवशी दोघी दोन कोपऱ्यांत, मला पाठ करून. पण नवी घास खायला लागली, त्या कुरकुर आवाजाने जुनीचे कान उभे राहिले. तिनेही एक काडी ओढली. मी न हलता बसून होतो, उठताना गुडघा धरला.

रोज दुपारी अर्धा तास हाच धंदा. मधे एकदा परत जुंपली, तेव्हा अंगावर पाणी शिंपडायला गेलो आणि मीच भिजलो. तिसऱ्या आठवड्यात जुनी सरकत सरकत गेली आणि नवीच्या तोंडापुढे डोकं खाली घालून बसली. नवीने तिच्या कपाळावरचं केळं चाटलं. केळं संपलं तरी चाटतच राहिली. थोड्या वेळाने जुनीने नवीचा फाटका कान चाटला, तिनेच फाडलेला.

मी म्हातारीला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "आता चा टाका."

मुलगी खोकं घेऊन आली तेव्हा दोघी पडवीत, धुतलेल्या गोधडीवर अंगाला अंग लावून पसरल्या होत्या.

"नेऊ का हिला?"

"खोकं ठेव इथं. घास ठेवायला होईल."

गोधडीला आता साबणाचा वास येतो. दुपारी कडेला जागा असली तर मीही पडतो. लेंड्या परत वाटाण्याएवढ्या झाल्यात, त्याही दोघींच्या. रोज दोनदा झाडावं लागतं.