खडकावर बसवलेली लेक

दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना ताडोबाला न्यायचं ठरलं होतं. लेक सात वर्षांची होती, मुलगा साडेतीन. लेकीने महिनाभर आधीपासून वाघाची चित्रं काढून फ्रिजवर चिकटवायला सुरुवात केली होती. नव्या बुटांसाठीही हट्ट तिचाच. मी तेव्हा आष्टीच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा परतूरला बँकेत होता. मला सुट्टीची अडचण नव्हती. त्याची आठ दिवसांची रजा ऐन वेळी दोन दिवसांवर आली.

"दोन दिवसांत चंद्रपूर कुठं होतंय," तो म्हणाला. "धावड्याकडं जाऊ. तिथंही डोंगर आहे, जंगल आहे. लेकरांना काय, झाडं दिसली म्हणजे झालं."

लेकीला झाडं दिसून काहीच झालं नाही. हसनाबादला नणंदेकडे मुक्काम केला तेव्हापासून तिचं तोंड फुगलेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी धावड्याला पोहोचलो तरी तसंच.

नणंदेच्या यजमानांनी त्यांच्या ओळखीच्या एका वनमजुरांना सांगून ठेवलं होतं. पन्नाशीचे, वाळलेल्या अंगाचे गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. "जयभीम बाई," म्हणाले आणि मुलाच्या गालाला हात लावला. लेकरं त्यांना लगेच मामा म्हणायला लागली, मग आम्हीही मामाच म्हणू लागलो.

"मामा, इथं वाघ आहे?" लेकीने विचारलं.

"न्हाई गं माय. वाघ संपले ते आमच्या आज्याच्या टायमाला. मोर दिसंल. रोही दिसंल, तुमची नीलगाय. चाल तं खरी."

"मग हे काय जंगल आहे का," ती म्हणाली. मी डोळे वटारले.

पावसाळा सरून महिना झाला होता. गवत वाळून पिवळं पडलं होतं, सागाची पानं मोठमोठी, भोकं पडलेली. डोंगराच्या कडेकडेने जाणारी गुरांची वाट होती आणि वाटेवर बोटभर फुफाटा. मामा पुढे, त्यांच्या मागे नवरा, त्याच्या खांद्यावर मुलगा, मग मी आणि सगळ्यात मागे लेक. पहिला अर्धा तास ती चालली. मग बूट चावतो म्हणाली. मग पाय दुखतो. मग तहान लागली. पाणी पाजलं, तर पुन्हा बूट चावतो.

"घरी जाऊ."

"आत्ता तर आलो."

"इथं काहीच नाही. तुम्ही खोटं बोललात. वाघ दाखवतो म्हणालात."

वर्गात चाळीस पोरं सांभाळणारी बाई मी. असला हेका मोडायचा कसा, हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. वाटेच्या कडेला एक बसका, काळा खडक होता. मामा पुढच्या डोहात पाणी आहे का ते पाहायला वळणापलीकडे गेले होते. मी लेकीचा दंड धरला आणि तिला खडकावर बसवलं.

"बस मग इथंच. आम्ही पाणी बघून येतो. उठलीस तर याद राख. अन् रडण्याचा आवाज नको मला. एक शब्द नको."

शाळेतला आवाज होता तो माझा. पोरं त्या आवाजाला घाबरतात.

नवरा थांबला. "अगं, एकटी..."

"कळू दे तिला जरा."

तो गेला. मीही गेले. एकदा मागे वळून पाहिलं, तर ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मग वळण आलं.

डोह छोटासा होता, पण पाणी नितळ होतं. मुलगा हरखून गेला. त्याने पाण्यात पाय सोडले, बिस्किटं खाल्ली, मामांनी त्याला खेकडा दाखवला. मी फोटो काढले. मामांनी विचारलं, "पोरगी कुठंय?" मी म्हणाले, "येतेय मागून, रुसलीये." ते वाटेकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं असेल, मागे म्हणजे इथेच, हाकेच्या अंतरावर.

नवरा अजून म्हणतो, पाच मिनिटं. फोटो माझ्या फोनमध्ये आहेत आणि प्रत्येक फोटोला वेळ आहे. डोहावरचा पहिला आणि शेवटचा, यांत एकोणीस मिनिटं आहेत. जायला-यायला लागलेला वेळ त्यात धरलेला नाही.

मी परत गेले तेव्हा ती तशीच बसली होती. हात मांडीवर, पाठ ताठ. रडत नव्हती. समोर घाणेरीची दाट जाळी होती आणि ती त्या जाळीकडे पाहत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, जाळीकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून.

"आता कळलं? सगळ्यांचा दिवस खराब करायचा असतो का?"

ती माझ्या कमरेच्या बाजूने पलीकडे पाहत होती. मला वाटलं, घुश्शात आहे.

"बोलतेय ना मी? माझ्याकडे बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी थोडं बोलले. काय ते आता आठवत नाही. मग हात पुढे केला. तिचा हात गार पडला होता, नोव्हेंबरच्या उन्हात. डोहावर गेल्यावर तिने बिस्कीट घेतलं नाही. एवढंच विचारलं, "आई, कुत्री जंगलात राहतात का?" मी म्हणाले, गावातली येत असतील हिंडत.

दुपारी त्याच वाटेने उतरायला लागलो. मामा पुढे होते. खडक मागे पडल्यावर थोडं खाली ते एकदम थांबले आणि काठी आडवी धरली. खाली फुफाट्यात आमच्याच चपला-बुटांचे ठसे होते, सकाळचे, वर चढत गेलेले. त्यांत लेकीच्या नव्या बुटाचा ठसा, नक्षीसकट. आणि त्या ठशाच्या बरोबर वर, त्याची टाच मोडून, एक गोल पंजा. नखं न उमटलेला.

मामा उकिडवे बसले. मग माग काढत दहा-बारा पावलं मागे, खडकाकडे गेले. आणखी पंजे होते. सगळे आमच्याच दिशेने, आमच्या मागोमाग चढलेले. खडकाजवळ मात्र वाट सोडून ते जाळीकडे वळले होते. तिथे मामा बराच वेळ वाकून पाहत राहिले. त्यांनी नवऱ्याला खुणेने बोलावलं आणि हळू काहीतरी सांगितलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"लेकरं मधी घ्या," मामा म्हणाले. "अन् बोलत चाला. मोठ्यानं बोलत चाला."

मी गेलेच जाळीपाशी. मला कुणी अडवलं नाही. फुफाटा एका जागी दाबला गेला होता, परातीएवढा, आणि त्याच्या बाजूला दोरी ओढल्यासारखा एक बाक. शेपटीचा. तिथून खडक सात-आठ पावलांवर होता. माझी पावलं, मोठ्या माणसाची.

खाली गावात आल्यावर मामांच्या घरी चहा झाला. लेकरं शेळीच्या पिलांपाशी खेळत होती. मी विचारलं, "बिबट्या आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाये की बाई. कधीमधी ऱ्हातो. सांगितलं आस्तं तं लेकरं भ्याली आस्ती. संगट चार माणसं आसल्यावर तो जवळ येत न्हाई." ते थांबले. मग कपाकडे पाहत म्हणाले, "एकली बसली व्हती का ती?"

मी मान डोलावली.

"हलली न्हाई म्हणून. पळाली आस्ती तं..." आणि उरलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

हसनाबादला पोहोचल्यावर लेकीचे बूट काढले. मोजा टाचेला चिकटला होता. ओढला तर साल निघून आली. दोन्ही टाचा सोलून लाल झाल्या होत्या. ती खरं बोलत होती.

त्यानंतरच्या वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना सांगायची गोष्ट झाली. सांगायचा नवरा. छान सांगायचा. "आम्ही पाची जण रांगेत चाललो, अन् हे जनावर मागून येऊन राह्यलं. बिलकुल आवाज न्हाई. परत येताना बघतो तं काय, आमच्या ठशावर त्याचे ठसे!" ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. खडक या गोष्टीत कधीच आला नाही. पहिल्यांदा त्याने तो वगळला तेव्हा मला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदाही. लेक कोपऱ्यात बसून ऐकायची आणि काही म्हणायची नाही. ती विसरली असेल, असं मी धरून चालले. मुलगा मात्र हळूहळू त्या गोष्टीत शिरत गेला. आठ वर्षांचा झाला तोवर तो सांगायला लागला होता, की त्याने बिबट्याचे डोळे पाहिले आहेत.

शाळेत मी पोरांना वर्गाबाहेर उभं करणं सोडून दिलं. शेजारच्या वर्गाच्या सरांनी कुणाला उभं केलेलं दिसलं तर काहीतरी निमित्त काढून मी व्हरांड्यात जायची आणि त्या पोराला आत बोलावेपर्यंत तिथेच रेंगाळायची. सरांना वाटायचं, मी त्यांच्यावर लक्ष ठेवते.

आता आम्ही जालन्यात राहतो. लेक बारावीला आहे. मागच्या वर्षी कॉलेजची डोंगर-भटकंती निघाली. तिने संमतीपत्र माझ्यापुढे ठेवलं. मी नाही म्हणाले.

"त्या बिबट्यामुळे?" तिने विचारलं.

मी भाजी निवडत होते, ती निवडत राहिले.

"आई, मी एकटी होते ना तेव्हा?"

"हो."

"बाबा सांगतात ते ऐकून ऐकून मलाच कधीकधी वाटायचं, की तुम्ही सगळे होतात."

मी विचारलं, तू पाहिलंस का त्याला? ती म्हणाली, हो. आधी कुत्रं वाटलं. मग कळलं, कुत्रं नाही. ते आलं आणि बसलं, बास.

"मग ओरडली का नाहीस? आम्ही वळणापलीकडेच होतो."

"तूच म्हणाली होतीस, एक शब्द नको."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, "बरं झालं, मी येईपर्यंत ते गेलं."

तिने संमतीपत्राची घडी सरळ केली. मग म्हणाली, "गेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"तू रागवत होतीस तेव्हा होतं. तुझ्या मागं. मी तिकडंच बघत होते. मग तू म्हणालीस, माझ्याकडे बघ. मी तुझ्याकडे बघितलं. परत बघितलं तर नव्हतं."

घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने माझ्यासमोरची भाजी ओढून घेतली आणि निवडायला लागली. मी सही केली. कसं सांगू, त्या सहीत धीर नव्हता. नाही म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, एवढं कळलं होतं. ती गेली आणि दोन दिवसांनी उन्हाने काळी पडून परत आली. ते दोन दिवस मी तिला एकही फोन केला नाही, आणि त्या दोन दिवसांत माझी पाठ दुखत होती. खरोखर दुखत होती, खांद्यांच्या मधोमध. अजून दुखते. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून उभं राहावं लागतं तेव्हा जास्त.

यंदा दिवाळीला हसनाबादला गेलो. जेवणं झाल्यावर नणंदेच्या व्याह्यांनी विषय काढला, धावड्याकडे पुन्हा बिबट्या दिसला म्हणून. नवरा सरसावून बसला. "आम्ही पाची जण रांगेत चाललो..."

"पाच नव्हतो," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"तिचे पाय सोलले होते. ती चालत नव्हती म्हणून मी तिला खडकावर बसवलं आणि आपण पुढे गेलो. ते जनावर तिच्यापुढे येऊन बसलं होतं. ती एकटी होती."

व्याही कसंनुसं हसले. नणंद उठून पाणी आणायला गेली. नवरा बराच वेळ सतरंजीची कड चाचपत राहिला, मग हळूच म्हणाला, "मी थांबलो होतो गं. एकदा थांबलो होतो." मी म्हणाले, "हो. थांबला होतात." ते खरंच होतं.

लेक मोबाईलवर काहीतरी पाहत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचं बोट थांबलं होतं.

रागावला तो मुलगा. तेरा वर्षांचा पोरगा, कान लाल झालेले. "मी पाहिलेत त्याचे डोळे," तो म्हणाला. "पिवळे होते. मी पाहिलेत. मी नव्हतो का तिथं?"

"नव्हतास," मी म्हणाले. "तू पाण्यात पाय सोडून बसला होतास."

तो बहिणीकडे वळला. "हिरवे होते का पिवळे? सांग ना."

तिने मोबाईल पालथा ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "पिवळेच."