पालखीचा पहिला मान

बाळांनो, तुम्ही पाहिलेलं आपलं गाव सरळ रेघांचं आहे. डांबरी रस्ते, ओळीत बंगले, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. मी लग्न होऊन आले ते गाव खाडीच्या काठी होतं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि मधे घरं जशी जागा मिळेल तशी बसलेली. आता तिथे विमानतळ आहे. त्यासाठी सगळं गाव उठून इकडे करंजाड्याच्या बाजूला आलं. भूखंड चिठ्ठ्या टाकून मिळाले, त्यामुळे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले.

नवं देऊळ बांधून झाल्यावर चैत्रात पहिल्यांदा पालखी निघायची होती. जुन्या गावात पालखी घरोघर जाई, आणि पहिला मान देवळाला लागून असलेल्या घराचा, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. इथे त्यांचं घर अगदी शेवटच्या गल्लीत आलं. तरुण मुलं म्हणाली, देवळापासून ओळीनं जाऊ, ऊन चढायच्या आत आटपेल. मला नीटनेटकं काम आवडतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बैठकीत मीही त्यांच्या बाजूनं बोलले.

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तरीणबाई, देव काय वर्गात हजेरी घ्यायला चाललाय? घर गेलं, शेत गेलं, मी काय बोलले नाय. मान मातर सोडायची नाय."

"पण आजी, सगळ्या गावात उलटंसुलटं फिरावं लागंल," पालखीचा एक खांदेकरी म्हणाला.

"मंग फिरा! जिममदी पैसे भरून धावता, हितं फुकट धावा."

सगळे हसले, आणि जुन्याच क्रमानं जायचं ठरलं.

पालखी देवळातून निघाली ती थेट शेवटच्या गल्लीत. तिथे जाऊबाईंचं दार बंद! त्या आत नवं लुगडं नेसत होत्या. ढोल वाजतोय, खांदेकरी घामाघूम.

"आजी, चला लवकर!"

"थांबा रं. पयला मान हाय, घाई कसली?"

सावकाश बाहेर आल्या, ओवाळलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "चला आता, विहिरीवरच्या घराकडं." ती विहीर धावपट्टीखाली गेली आहे, आणि ते घर आता देवळासमोर आहे. पालखी आली तशी सगळा रस्ता उलट निघाली. कोणीही वाट विचारली नाही.

आमच्या दारी ती आली तेव्हा दुपार टळली होती आणि माझी रांगोळी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी कधीच पुसली गेली होती. खांदेकऱ्यांनी आधी पाणी मागितलं. जाऊबाई अजून बरोबर चालतच होत्या. रिक्षा बोलावू का म्हटलं, तर माझ्यावरच डाफरल्या, "तू दमलीस तर तू बस."

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.