पान एकशे बारावरचं 'नाही'

माझी वहिनी शिरोरेषा शेवटी देते. आधी अख्खी ओळ उघडीबोडकी लिहून काढते आणि मग डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढते, खाटेवरची चादर ताणावी तशी. पस्तीस वर्षं तिने इस्पितळात काढली, त्यातली शेवटची बारा वॉर्ड सिस्टर म्हणून. त्यामुळे शेजारीपाजारी, दुकानदार, आमच्या चर्चच्या मंडळीतले झाडून सगळे तिला सिस्टर म्हणतात. वहिनी म्हणणारा मी एकटा, कारण मी तिचा दीर. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. आज अठ्ठावन्नाचा झालो, तरी तिच्या लेखी मी अजून 'धाकट्या'च आहे.

मी प्रुफं तपासतो. ख्रिस्ती पुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा प्रकाशनात एकतीस वर्षं हेच करतोय. छापखाना खाली, आमची खोली वर, आणि मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. "लोकांच्या चुका काढून हा पोट भरतो," असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. चार वर्षं तो अंथरुणावर होता, आणि ती चारही वर्षं वहिनीने त्याचं सगळं केलं. तो गेल्यावर दोन वर्षांनी तिने त्या दिवसांवर पुस्तक लिहायला घेतलं.

मला वाटलं होतं, चार पानं लिहील आणि कंटाळेल. तिने सहा वह्या भरल्या. लिहिण्याची तऱ्हा मात्र वॉर्डातली. "सकाळी सहा. ताप एकशे एक. कूस बदलली. प्रार्थना केली. पाठीला पावडर." प्रार्थना आणि पावडर एका ओळीत! आमच्या मालकांना आधी हे पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं तेच कळेना. भक्तीच्या की शुश्रूषेच्या? शेवटी मीच म्हणालो, "दोन्हींच्या मध्ये ठेवा आणि छापा." आमच्याकडे येणाऱ्या शंभर हस्तलिखितांपैकी नव्वदांत लेखकाला स्वप्नात प्रकाश दिसलेला असतो. या बाईला पाठीवरची जखम दिसत होती. मला ते आवडलं, हे उघड सांगतो.

पण तिलाही मी सोडलं नाही. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, "शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसले." मी समासात लिहिलं, "हसला? तोंड तर वाकडं होतं." त्यावर तिचा फोन आला.

"धाकट्या, मला तसं वाटलं होतं रे."

"वाटलं होतं तर वाटलं असं लिहा. ही काय कादंबरी आहे? खरं ते लिहा."

तिने वाक्य काढून टाकलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढे हेच माझ्या गळ्यात येणार होतं, पण तेव्हा मला काय ठाऊक!

भानगड झाली ती एकशे बाराव्या पानावर. दादा गुरुवारी सकाळी गेला. त्या पानावर त्याच्या आदल्या दिवसाची, बुधवारची दुपार आहे. वहीत मजकूर असा: "दुपारी तीन. नाडी मंद. खिडकीचा पडदा ओढला. गुडघे टेकून प्रार्थना केली. देवाने माझं ऐकलं नाही." आता 'नाही' हा शब्द वहीच्या पार उजव्या काठाशी आलेला. ओढत आणलेली शिरोरेषा तिथे खाली घसरली होती आणि 'नाही'च्या बरोबर पोटातून गेली होती. म्हणजे शिरोरेषा घसरली म्हणावी, तर शब्द आहे. मुद्दाम खोडला म्हणावा, तर शब्द नाही. संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या बाईंनी तो खोडलेला समजून वगळला. प्रुफात आलं, "देवाने माझं ऐकलं." मी मूळ वहीशी ताडून बघताना तो राहिलाय असं समजून लाल शाईने परत घातला. बाई म्हणाल्या खोडलाय, मी म्हणालो घसरलाय. आम्ही दोघांनी भिंग लावून बघितलं. खरं तर भिंगातून काहीच कळलं नाही, नुसता शब्द मोठा झाला.

एवढ्यावर भागलं असतं, पण तोवर पहिलं प्रूफ प्रस्तावनेसाठी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलं होतं. साहेब मोठे मनमोकळे. त्यांनी प्रस्तावनेची सुरुवातच अशी केली होती: "सिस्टर सांगतात, देवाने माझं ऐकलं." आमच्या मंडळीत कुणीही उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतं, त्याचा शेवट बहुतेक याच शब्दांनी होतो. साहेबांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मी त्यांना फोन करून 'नाही'ची शंका सांगितली.

"अहो, पण ही साक्ष आहे, तक्रार नव्हे," साहेब म्हणाले.

"माणूस दुसऱ्या दिवशी गेला, साहेब. मग ऐकलं कसं म्हणायचं?"

"ऐकणं म्हणजे मागितलेलं देणं असंच नाही ना. ऐकलं, आणि वेगळं उत्तर दिलं."

"मग तसं त्यांनी लिहायला हवं."

"तुम्ही सिस्टरना विचारा," साहेब म्हणाले आणि सुटले. मालकांचं तिसरंच. त्यांना शनिवारी सोळा पानांचा तो फर्मा मशीनवर चढवायचा होता. "आहे ठेवा नाहीतर नाही ठेवा, पण काहीतरी ठेवा," असं म्हणून ते स्वतःच आपल्या वाक्यात अडकले आणि हसत खाली गेले. मला मात्र हसू येत नव्हतं. एका शब्दावरून माझा भाऊ कसा गेला ते ठरणार होतं, निदान पुस्तकापुरतं तरी, आणि एकदा छापलं की मग ते तसंच राहतं.

गुरुवारी सकाळी दहाला वही आणि प्रूफ घेऊन मी वहिनीकडे गेलो. तिच्या स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे दादाचं जुनं कामाचं टेबल. एका कडेला बारीक स्क्रूंचे ओरखडे अजून आहेत. तिने चष्मा लावला, वही उजेडाकडे धरली, जवळ घेतली, लांब धरली.

"मीच लिहिलंय," ती म्हणाली.

"ते दिसतंय. खोडलंय का?"

"आठवत नाही."

"वहिनी, असं कसं आठवत नाही?"

"तू काल दुपारी काय जेवलास?"

मी आठवू लागलो. ती म्हणाली, "लिहिलं तेव्हा 'नाही' होतं, एवढं पक्कं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा ते नकोसं वाटलं, हेही पक्कं. मग पेन हातात घेतलं की नुसती वही मिटली, तेच डोळ्यांपुढे येत नाही."

आमची जुनी पद्धत अशी, की एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. म्हटलं, वाचून बघू, कान काहीतरी सांगतील. वहिनी वाचू लागली. "दुपारी तीन पूर्णविराम नाडी मंद पूर्णविराम खिडकीचा पडदा ओढला पूर्णविराम गुडघे टेकून प्रार्थना केली पूर्णविराम देवाने माझं ऐकलं..." आणि थांबली. पूर्णविरामही म्हणेना आणि 'नाही'ही म्हणेना. मी बोट प्रुफावर ठेवून तसाच बसलो. बाहेर कुणीतरी जिन्यावरून भांडत खाली उतरलं.

"तू सगळं विचारलंस," ती म्हणाली. "मी काय मागितलं होतं, ते नाही विचारलंस."

"त्यात काय विचारायचं? दादा बरा होऊ दे, दुसरं काय मागणार?"

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी म्हणाले, देवा, आता पुरे."

"म्हणजे?"

"तेच तर. म्हणजे काय? आजार पुरे, याला उठव? की जगणं पुरे, याला ने? की माझंच पुरे झालं, मला सोडव? मी एवढंच म्हणाले, आता पुरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. धाकट्या, मी बरं करायला मागितलं असेल तर देवाने माझं ऐकलं नाही. आणि ऐकलं असेल..."

पुढचं तिने वाक्यच टाकून दिलं. आणि मला एकदम उमगलं. इतके दिवस आम्ही सगळे त्या 'नाही'ला घाबरत होतो. पाळकसाहेबांना वाटत होतं, 'नाही' छापलं तर लोकांचा विश्वास डळमळेल. खरं भय 'नाही' काढण्यात होतं. 'देवाने माझं ऐकलं' छापायचं, तर या बाईने नवऱ्याचं मरण मागितलं असं होतं. आणि ते खरं आहे की नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

मी गप्प बसायला हवं होतं. मला ते जमत नाही. म्हणालो, "वहिनी, मी पण."

"काय मी पण?"

दर रविवारी उपासना झाली की मी दादाची दाढी करायला जायचो. मी मंडळीत मागच्या बाकावर बसणारा माणूस, प्रार्थनेत डोळे मिटले की बऱ्याचदा प्रुफंच दिसतात. पण त्या शेवटच्या रविवारी दादाच्या गालाला साबण लावला, हाताला हाडाखेरीज काही लागेना, आणि वस्तरा हातात धरून मी मनात म्हणालो, आता पुरे कर बाबा. तसं म्हणालो आणि दाढी पुरी केली. कुठे कापलं नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

वहिनी हसली, पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मग त्याने ऐकलं कुणाचं? तुझं की माझं?"

याचं उत्तर मला आजही येत नाही. तो प्रश्न मला एकदा दिलासा देणारा वाटतो, एकदा भयंकर वाटतो. पण इतकी वर्षं ती हे एकटी घेऊन बसली होती आणि मी पलीकडे एकटा, याचा मला त्या टेबलाशी भलता राग आला, स्वतःचा.

तिने कोरा कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा शिरोरेषा आधी दिली. कोऱ्या कागदावर नुसत्या चार सरळ रेघा. मग एकेक शब्द खाली टांगत गेली: "गुडघे टेकून देवाला म्हणाले, आता पुरे. कशाचं पुरे, ते सांगितलं नाही. देवाने काय ऐकलं ते मला ठाऊक नाही. त्याआधीच्या रविवारी माझ्या दिरानेही हेच मागितलं होतं."

मी शेवटची ओळ वाचली. "ही कशाला? पुस्तक तुमचं आहे."

"ओळ तुझी आहे. तू नको म्हणालास तर काढते." ती पेन हातात धरून थांबली. "पण खरं ते लिहा, असं तूच म्हणत होतास."

मंडळीतली दोनशे माणसं हे पुस्तक घेणार होती. मागच्या बाकावरून मला ती सगळी पाठमोरी दिसतात, आता ती मान वळवून बघणार होती. मी म्हणालो, "ठेवा." आवाज काही मोठा निघाला नाही.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांना नवा मजकूर दाखवला. त्यांनी उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढून बसले आणि परत वाचला. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं, अगदी निःसंशय खोडलं. "आता सुरुवात काय करू?" त्यांनी मलाच विचारलं. शेवटी प्रस्तावना सुरुवातीशिवायच, मधूनच सुरू झाल्यासारखी छापली गेली आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी दुपारी शेवटचं प्रूफ टेबलावर आलं. जुळवणाऱ्या बाई माझ्याकडे न बघता ते ठेवून गेल्या. खाली मशीन पुसायला घेतलं होतं. एकशे बारावं पान मी तीनदा वाचलं. चूक सापडली असती, तर ती ओळ दुरुस्तीसाठी बाजूला काढता आली असती, आणि एकदा बाजूला निघालेली ओळ विसरताही येते. 'दिरानेही'तला 'दि' बघितला. ऱ्हस्व हवा, ऱ्हस्वच होता. मी पानाखाली 'छापा' लिहून सही केली.