होडीच्या पुढच्या काठीचा ताण

बाबांनी सरकारी नोकरीतली सगळी वर्षं दिल्लीत जहाजांच्या फायली पुढे सरकवण्यात काढली, पण होडीत ते कधी बसले नव्हते. ते रिटायर झाल्यावर आम्ही नोएडाच्या नव्या सेक्टरात राहायला गेलो आणि मायदेशी निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून त्यांनी जुनी शिडाची होडी विकत घेतली. आईने अबोला धरला.

“पण कशाला घेतलीत?” मी विचारलं.

“विकायला होती,” बाबा म्हणाले.

रविवारी मीच त्यांच्याबरोबर यमुनेच्या बंधाऱ्याकडे गेले. होडी काठावर लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिच्या नाकातून एक लांब काठी पुढे आलेली. डोलकाठीच्या शेंड्यावरून एक तार त्या काठीच्या टोकाला यायची आणि तिथून दुसरी खाली, होडीच्या बुडाशी जायची. वरची तार काठीला उचलणार, खालची धरून ठेवणार. दोन्ही तारांना आवळायला स्क्रू होते.

“आधी खालची. उजवीकडे फिरव,” होडीत उभे राहून बाबा ओरडले.

मी खाली, त्यांच्याकडे तोंड करून. फिरवत राहिले. स्क्रू सहज फिरत होता, म्हणजे जमतंय असं मला वाटलं. मग त्यांनी वरची तार जोर लावून आवळली. काठी हळूहळू वर वाकली आणि कर्रकन आवाज झाला.

“अगं, तू सैल केलीस!”

“तुम्हीच उजवीकडे म्हणालात.”

“माझ्या उजवीकडे!”

मग ते मटकन खाली बसले. “खरं सांगू? मला यातलं काही येत नाही.”

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना धीर द्यावा की हसावं, कळेना. मी कपाळावरची टिकली काढून खालच्या स्क्रूवर चिकटवली आणि तो कुठल्या बाजूला फिरवला की तार आवळते ते दोघांनी मिळून बघितलं. काठीला बारीक चीर गेली होती, तिथे दोरी गच्च गुंडाळली. दोन्ही तारा सैल करून पुन्हा सुरुवात केली, आधी खालची, मग वरची. या वेळी काठी हलली नाही.

पुढच्या महिन्यात होडी पाण्यात उतरली. थोडी पुढे गेली आणि जलपर्णीत अडकली. शीड मात्र फुगलेलं होतं.

“बघ, काय मस्त चाललीय!” बाबा समोर बघत म्हणाले.

काठावरचं बाभळीचं झाड बराच वेळ आमच्या शेजारीच होतं. बाबांना ते दिसत नव्हतं की दिसूनही ते तसं म्हणत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी “हो” म्हणाले.